वास नसलेला

"खरी रेघ, की गोंगाट?" तुओमास विचारतो.
रात्रीचे दोन वीस.
पडद्यावर एक उंचवटा,
चादरीखाली मांजर निजावं तेवढाच.
मी म्हणते, अजून तीन तास ऐकू या.
वर, पाच हजार मीटरवर, चाख्नान्तोरच्या पठारावर
पांढऱ्या तबकड्या एकदमच माना वळवतात
आणि तिथे ड्युटीवर असलेला बेलार्मिनो कोल्के
नाकातली नळी सारखी करून
रेडिओवर जांभई देतो.

जिच्याकडे बघतोय त्या दीर्घिकेला नाव नाही,
नऊ आकडी नंबर आहे.
तिचा उजेड निघाला त्याला आठशे कोटी वर्षं झाली.
तारे किती, ते दुसऱ्यांनी मोजून ठेवलंय.
आम्हाला तिची कोठी बघायचीय:
अजून तारे होतील इतकं सामान आहे,
की सगळं एका धडाक्यात उधळून
आता नुसती जुन्यांवर गुजराण.

सामान म्हणजे हायड्रोजन. गार, दाट
आणि मुका.
त्याच्याबद्दल बोलतो तो दुसराच कुणी,
दहा हजारांत एखादा, घोळक्यात मिसळलेला:
कार्बन मोनॉक्साइड.
गिरकी मंदावताना तो एक बारीकसा सूर टाकतो
आणि अख्ख्या जमावाची चुगली करतो.

हे नाव मी विद्यापीठात शिकले नाही.
कालामात, जुलैच्या थंडीत, अकरा वर्षांची असताना
दवाखान्याच्या कागदावर वाचलं.
बाबा खाणीतून रात्रपाळी करून आले,
शेगडी आत घेतली,
दाराच्या फटीत घोंगडी कोंबली
वारा येऊ नये, धूळ येऊ नये म्हणून.
धूळ आली नाही.
आम्ही मावशीकडून परतलो तेव्हा
त्यांचे गाल गुलाबी होते.
आई हळूच म्हणाली, उठवू नकोस,
किती दिवसांनी अशी झोप लागलीय.

वास नाही, रंग नाही, चव नाही,
डॉक्टर सांगत होते
एखाद्या गुणी मुलाबद्दल सांगावं तसे.

तेव्हापासून आमच्या घराची एक खिडकी
बारा महिने उघडी.
धूळ येते. खाणीची, वाळवंटाची, ट्रकांची.
आई फडक्यानं पुसते,
फडकं अंगणात झटकते,
ती पुन्हा आत येते.
येऊ दे, म्हणते.

त्याच अंगणात तिनं मला लामा दाखवली होती.
चांदण्या जोडायच्या नाहीत, म्हणाली,
चांदण्यांच्या मधलं काळं बघ.
ही मान. ही पाठ. हे दोन डोळे तेवढे उजेडाचे.
मला दिसायला दोन हिवाळे लागले.
पुढे शिकून आले आणि तिला सांगितलं,
ती धूळ आहे, आई.
काजळीहून बारीक.
तिच्या आडोशाला वायू गार राहतो,
आटत आटत घट्ट होतो,
आणि आत कुठे तरी तारा धरतो.
आईनं बटाटा सोलता सोलता विचारलं,
"म्हणजे गाभण आहे ती?"

पाच चाळीस. मांजर उठून बसलंय.
रेघ खरी.
तुओमास हिशोब मांडतो:
खर्चाचा वेग असाच राहिला
तर माल चाळीस कोटी वर्षांचा.
मग तो गप्प होतो, कारण वजाबाकी
दोघांनाही येते.
बाहेरून नवा वायू ओघळत आला असेल तर गोष्ट वेगळी,
तो म्हणतो. ते आपल्याला दिसणार नाही.
मी फाइलला नाव देते, जतन करते.
एका परमाणूचा कोळसा,
एका परमाणूचा श्वास,
कितीदा लिहिलंय मी हे सूत्र,
दर वेळी मधे जरा थांबते
इतकंच.

आई या वेळी उठलेली असते. फोन करते.
"सापडलं का काही?"
हो, म्हणते मी. काय ते सांगत नाही.
"खिडकी उघडी आहे ना तिथली?"
या खोलीला खिडकीच नाही.
मी उठून दार उघडते.
तुओमास कुरकुरतो, कागद उडतात.