एकेचाळिसाव्या मिनिटाला

दोंडाईच्यात स्टेशन रोडला माझं रिचार्जचं दुकान.
टपरीच खरं तर. वर पाटी आहे म्हणून दुकान.
घरचं फोनचं बिल मीच कमी केलं
आणि एक पक्कं गिऱ्हाईक गमावलं: आई.

आधी ती दर रविवारी यायची,
पदराची गाठ सोडून दहाची घडी काढायची.
"दे रे दहानं."
दहातले साडेसातच पोचायचे फोनात,
त्या साडेसातात उधन्याची केसरमावशी,
तिचा नवरा, तीन पोरं, पोटमाळ्यावरचा भाडेकरू,
सगळ्यांची खुशाली बसवायची.
आई तार केल्यासारखी बोलायची:
"मी बरी शे. तू बरी शे ना? समदं बरं शे? ठेवस मग."
शेजारच्या चहाला दुसरी उकळी यायच्या आत
पावणेदोन मिनिटांत सुरत आटपलेली.

तेही नसले की मिस कॉल.
एक रिंग म्हणजे पोचलो.
दोन म्हणजे पार्सल गाडीत बसवलंय, उतरवून घे.
तीन रिंगांचं काय ते ठरवताना
दोघी जरा गप्प झाल्या होत्या,
मग ठरवलंच नाही.

मग मी तिच्या फोनात ते फुकट बोलायचं ॲप टाकलं.
दुकानाचं वायफाय घरात पोचतं, मधे एकच भिंत.
"मग पैसा कोठून कटस?"
कुठूनच नाही, म्हटलं.
"फुकटनं कोनी काही देस का रे, भाऊ?"
पहिल्या दिवशी ती सवयीनं पावणेदोन मिनिटांत थांबली,
"ठेवस" म्हणाली,
आणि फोन हातात धरून बसली.

आता मिरच्या खुडायला बसली की लावते.
पोत्यामागे पैसे मिळतात, बोलण्यामागे जात नाहीत.
फोन तांब्याला टेकून उभा.
तिकडे मावशी साड्यांना टिकल्या चिकटवते.
दोघी बोलतातच असं नाही.
इकडून देठ मोडल्याचा बारीक आवाज जातो,
तिकडून डिंकाच्या डबीचं झाकण येतं.
आई शिंकली की मावशी म्हणते,
"माय वं, मालेबी ठसका लागना!"
कधी कधी नुसता पंखा. सुरतचा पंखा, पाच-पाच मिनिटं.
पूर्वी हा पंखा केवढ्याला पडला असता
ते मी मनात मांडून बघतो. धंद्याची खोड.

दीड महिना झाला असेल. एका गुरुवारी
मी पाणी प्यायला घरात आलो,
पडद्यावर एकेचाळीस मिनिटं.
कुणी काही विचारलेलं नव्हतं.
मावशी म्हणाली,
"जिजी, यास्नं काम सुटनं. आठ महिना व्हई गयात."

आठ महिने.
म्हणजे किती रविवारांचं "बरं शे".
बोलणं महाग होतं तेव्हा खोटं परवडत होतं.
पावणेदोन मिनिटं कुणीही बरं असू शकतं.

आई बोलली नाही.
मिरचीचे हात, डोळे पुसायची सोय नाही.
हातातली मिरची तशीच धरून ती पडद्याकडे बघत राहिली,
मग देठ मोडला.
तिकडे झाकण वाजलं.
बराच वेळ तसंच.

रविवारी ती टपरीवर आली, कितीतरी दिवसांनी.
गाठ सोडली. दहाच्या सहा नोटा,
न केलेल्या सहा फोनांच्या.
"तिना फोनमा टाक. नेटनं."
मी बघत राहिलो.
"आपलं कटत नही. तिनाकडथून कटत व्हई ना रे?"

कुठूनच नाही, असं मीच सांगितलं होतं.

साठात काही येत नाही हे तिला बोललो नाही.
वरचे माझ्या गल्ल्यातून.
मावशीचे दहा आकडे दाबले, न विचारता.
मेसेज आला: रिचार्ज यशस्वी.
खाली कमिशन, चार रुपये वीस पैसे.
"व्हयनं?"
व्हयनं, म्हटलं.
तिनं रिकामा पदर झटकला,
आणि मिरच्यांचं दुसरं पोतं उतरलंय का
बघायला निघून गेली.