गळती

कुलाब्याच्या टोकाला, जिथून पुढे फक्त समुद्रच उरतो,
तळमजल्यावर एक खोली आहे
जिच्यात समुद्राला मज्जाव आहे.
भिंतीवरचा आकडा सांगतो, दमटपणा अडतीस टक्के.
बाहेर मुंबई ब्याऐंशीवर.
मधल्या चव्वेचाळीस टक्क्यांसाठी
एक मशीन रात्रंदिवस धापा टाकतं.

आत यायचं तर आधी चिकट पायपुसणं,
मग टोपी, मास्क, झगा, हातमोजे.
पावडर नाही. गजरा तर नाहीच.
निहार म्हणाला, "ताई, हे तुमचं सोवळं."
मी हसले नाही.
माझी आई ज्यांच्याकडे भांडी घासायची
त्यांच्या ओट्याला हात लावायची तिला मुभा नव्हती.
इथे निदान सगळ्यांचाच विटाळ होतो,
घोसाळकर सरांच्या कोंड्याचा सर्वांत जास्त.

आज एकशे सतरा नंबरची चकती.
षटकोनी, जांभळट काळी, पापडाहून पातळ.
बशीवर ठेवली की खालची हवा ओढून घ्यायची,
ती चिकटून बसते. मग सुया उतरवायच्या.
भिंगात आधी सुईची सावली येते, मागून सुई.
दोघी भेटल्या की थांबायचं.
केसभर जास्त म्हणजे इथे फारच जास्त.

झाकण. वर काळं कापड,
कारण उजेड दिसला की ही खोटं बोलते.
अंधारात व्होल्टेज चढवत न्यायचं,
पन्नास, शंभर, दीडशे,
आणि दर पायरीला विचारायचं:
काहीच घडत नसताना
तुझ्यातून किती झिरपतं?

गळतीच म्हणतो आम्ही त्याला.
मानखुर्दला माझ्या न्हाणीघरातही एक आहे.
सोसायटी म्हणते वरच्यांची,
वरचे म्हणतात सोसायटीची.
इथे नॅनोअँपिअरपर्यंत हिशोब लागतो.

तीनशेपर्यंत शहाणी होती.
साडेतीनशेला पडद्यावरची रेघ ताठ उभी राहिली,
मशीननं स्वतःच पुरवठा तोडला.
"दमटपणा असेल," सर म्हणाले.
नायट्रोजन सोडला, चार तास सुकवली,
पुन्हा साडेतीनशे, पुन्हा तीच रेघ.

मग भिंगाखाली सापडला,
कडेच्या कड्यावर एक ओरखडा.
कारखान्यातला, विमानातला,
की गेल्या मंगळवारचा, माझा?
वहीत लिहिलं: नापास.
कारणापुढे लिहिलं: ओरखडा, बहुधा माझा.
त्या वहीत खोडायचं नसतं,
म्हणून राहिलं.

बाकीच्या परदेशी जातील,
जमिनीखाली शंभर मीटर, कुणाला न दिसता
वर्षानुवर्षं मारा सोसत मोजत राहतील.
एकशे सतरा माझ्या टेबलावर.
"आरसा म्हणून वापर," सर म्हणाले.
निघताना टिकली तिच्यात बघूनच लावते.

निहार सांगत होता, आकाशातून म्यूऑन येतात,
तळहातावर मिनिटाला शंभरेक.
छपरातून, टेबलातून,
माझ्या डब्यातल्या भाकरीतून.
"हिच्यातून पण?"
"हिच्यातून पण."
"मग कळतं का हिला?"
तो थोडा थांबला.
"कळत असेल. विचारायला तार जोडलेली नाही, एवढंच."

झगा खुंटीला, मोजे कचऱ्यात.
नेव्हीनगरची बस सुटायला सहा मिनिटं.
घरी बादली
एव्हाना काठोकाठ आली असेल.