डावी कड

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सोमवारी लेथ बंद असतात,
म्हणून आमचं रेकॉर्डिंग सोमवारचं.
बाकीचे सहा दिवस मी पशुखाद्याच्या जाहिराती कापतो,
उमेदवारांच्या घोषणा, यात्रेची आमंत्रणं,
आणि खालून लोखंड ओरडत असतं.

आज जोतिराम आवळे आलाय.
चप्पल बाहेर काढून दारातच उभा.
'आबांची हलगी तेवढी येगळी करून मिळंल का?
घुमकं नको, कैताळ नको.
एकटी हलगी.'
सर्जेराव आवळ्यांचा उजवा हात
दिवाळीपासून मांडीवर असतो,
दुसऱ्याच कुणीतरी आणून ठेवल्यासारखा.

सेशन उघडलं. चार वर्षांपूर्वीचं.
अकरा फाइल्स सापडत नाहीत, म्हणालं.
ओळीनं अकरा डबे. रंग जागेवर,
नावं जागेवर, 'हलगी जवळून', 'हलगी लांबून',
मी दिलेले चढउतार, जुळवलेले सांधे,
सगळं शाबूत.
प्ले दाबल्यावर रेघ चालत गेली
चार मिनिटं, हूं की चूं न करता.

जोतिरामला सांगितलं,
सेशनमध्ये आवाज नसतो रे.
पत्ते असतात. ह्या फोल्डरात जा,
अमक्या सेकंदापासून वाजव, तमक्याला थांब.
मी मधे डिस्क बदलली. पत्ते जुन्या घराचे राहिले.
तो म्हणाला, 'म्हंजे रेशनकार्डावर नाव हाय,
माणूस न्हाई.'

तीन डिस्का पालथ्या घातल्या.
एकीत शिरोळच्या भजनी मंडळाचे अठरा अभंग.
एकीत माझ्याच लग्नाचं शूटिंग, आवाजाशिवाय.
तिसरी कटकट करते,
उभी धरली तरच वाचता येते.
एका हातानं उभी धरली, दुसऱ्यानं पत्ता दाखवला.
डब्यांच्या पोटात एकेक करत
बाभळीचं रान उगवत गेलं.

हलगी वाजली.
जोतिराम खाली बघत होता,
बोटं मात्र स्टुलाच्या कडेवर, अर्धा ठोका मागं.
संपल्यावर म्हणाला, 'सुरवातीचं काय कापलंय जणू?'

कापलेलं जात नाही ह्यात.
आपण नुसता पडदा सरकवतो.
डबा डाव्या कडेला धरला आणि मागं ओढला:
जिन्यात कागद पेटल्याची चरचर,
चामडं शेकताना एक टिचकी.
परत शेक. परत टिचकी.
खोकला. मग सर्जेराव, माईकपासून लांब,
'चालू झालं व्हय? थांबा वाईच.
आजून आवाज वला हाय.'

चौदा सेकंद.
मी ते तेव्हा एका बोटानं उडवलं होतं,
वर जिन्यात जाळ केला म्हणून कुरकुरलोही होतो.

'हे बी घाला,' जोतिराम म्हणाला.
थोड्या वेळानं, 'न्हाईतर हेच द्या.'

दोन्ही दिलं. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात,
तंबाखूच्या पुडीशेजारी.
पैसे विचारले त्यानं. म्हटलं, जाताना खाली चहा सांग.

सेव्ह करताना नाव सुचेना.
'फायनल' होतं, 'फायनल दोन' होतं,
'फायनल खरं' असंही एक होतं.
मी 'वला' लिहिलं,
सगळ्या फाइल्स एकाच फोल्डरात गोळा केल्या,
आणि तिसरी डिस्क अजून उभीच धरलीय
हे चहा आल्यावर लक्षात आलं.