चोवीस नग

भिशी या महिन्यात माझ्याकडं.
घरात ओव्हन नाही, म्हणून दस्तगीरच्या बेकरीतून
खारीचं कच्चं पीठ आणलं,
ओल्या फडक्यात गुंडाळून, स्कूटरवर पायाशी ठेवून,
मिरजेच्या स्टेशन रोडचे सगळे खड्डे चुकवत.

लाटायचं बेतानं. जोर लावला की पदर मोडतात.
चौकोन पाडले पोराच्या फूटपट्टीनं.
आत किसलेलं चीज,
बी काढलेली हिरवी मिरची, भरडलेलं जिरं,
गुळाचा चिमूटभर चुरा,
आणि बेदाणे.

बेदाणे दरवर्षी सुवर्णा द्यायची.
सावळजला त्यांची शेड आहे.
लांबट, हिरवट, एकेक देठ खुडलेला;
रात्री मालिका बघत खुडते म्हणायची.
मार्चमध्ये दोन हजारांवरनं आमचं वाजलं.
दोन हजार!
माझी वही बरोबर होती. अजूनही बरोबरच आहे.

यंदाचे दुकानातले. पाव किलोच घेतले.

बारा होतो, अकरा उरलो.
अकरा दुणे बावीस.
हात चोवीसवर थांबला.

तीन वाजता पाव निघाले की भट्टी जरा निवते.
दस्तगीरनं ट्रे नाकाशी धरला.
"ताई, हे गोडात धरायचं का तिखटात?"
"खाऊन सांगा."
"मग एक फुकट जाणार तुमचा."
लांब फळीवरनं ट्रे आत सरकवला,
घड्याळाकडं एकदाही बघितलं नाही.
मी दोनदा वाकले. दोनदा म्हणाला,
"फुगू द्या की."

निघाले तेव्हा कडा तांबूस,
दोन-तीन ठिकाणी गूळ फुटून बाहेर आलेला,
ट्रेला काळा चिकटलेला.
ते खरवडून त्यानंच खाल्लं,
आणि तोंडात बोट तसंच ठेवून मान हलवली.
माझे चोवीसच्या चोवीस शाबूत.

बायकांनी नाव विचारलं. मला सांगता येईना.
प्रमिलानं पर्समध्ये एक टाकला,
मी बघितलं नाही असं केलं.
तरी दोन उरले. उरणारच होते.

साडेसातला विश्रामबागला.
दार तिनंच उघडलं. ये म्हणाली नाही,
डबा मात्र हातातनं घेतला.
उंबऱ्यातच उभी राहून एक तोडला,
पदर सगळे गाऊनवर.
चावता चावता थांबली,
जिभेवरनं काहीतरी काढून
दिव्याच्या उजेडात धरलं.

"देठ काढले नाहीस की."

"नाही."

"थांब," म्हणाली.
आत कुठल्यातरी मोठ्या डब्याचं
झाकण वाजलं.