प्रतिसादक क्रमांक ४७

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी
मी पुन्हा पाठीवर दप्तर घेतलं.
ड्यूटी सुटली की सदरहून निघायचं,
पायाशी जेवणाचा डबा, डब्यावर झेरॉक्सचा गठ्ठा,
आणि सेमिनरी हिल्सच्या चढावर
अ‍ॅक्टिव्हासारखीच मलाही धाप.

विषय : श्रद्धाधिष्ठित नेतृत्व,
कॅथलिक रुग्णालयांच्या संदर्भात.
लेक म्हणाली, तू तर मेट्रन आहेस आई,
तुला कशाला शिकायचंय नेतृत्व?
म्हणूनच, मी म्हटलं.
तेव्हा ते नुसतं विनयानं म्हटलं होतं.

मे महिन्यात वाचनालयातला कूलर
माझ्याआधी पानं उलटायचा.
वाळ्याच्या वासात मी वाचत गेले
मेंढपाळ, कारभारी, कमरेला पंचा बांधून पाय धुणारा गुरू,
आणि समासात पेन्सिलीनं लिहीत गेले :
मोजायचं कसं?

मोजायचं असं.
चाळीस विधानं, पाच रकाने.
'माझ्या वरिष्ठांच्या वागण्यात मला सेवाभाव दिसतो.'
'माझे वरिष्ठ माझं ऐकून घेतात.'
पूर्ण सहमत इथपासून
पूर्ण असहमत इथपर्यंत.
नाव लिहू नये.

सिंधू मेश्राम, आमची आया, फॉर्म उलटसुलट करून म्हणाली,
"वरिष्ठ म्हंजे तुमीच नं जी मॅडम?
मंग तुमाले पास व्हाचं हाय का खरं पायजे?"
मी हसले. तीही हसली.
दोघींचं हसू मधल्या रकान्यातलं,
सांगता येत नाही.

एकशे बारा फॉर्म आले.
एकशे अकरा जण सहमत.
पगाराच्या रजिस्टरवर सही करावी
तशा खुणा, वरून खाली, पेन न उचलता.

सत्तेचाळिसावा हिरव्या शाईतला.
सगळ्या खुणा शेवटच्या रकान्यात,
आणि 'ऐकून घेतात'च्या पुढे बारीक अक्षर :
एकदा ऐकलं होतं. लिफ्ट बंद पडली तेव्हा.

लिफ्ट आठवते.
दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, पाऊण तास.
सिंधू होती, वॉर्डबॉय प्रफुल्ल होता,
मेसच्या रोझलीनबाई, आणि जशपूरहून आलेली नवी नर्स.
अंधारात कुणीतरी बोलत होतं.
मुलाच्या फीबद्दल? नाइट अलाउन्सबद्दल?
मी हं, हं म्हणत होते, एवढं नक्की.
स्पिरिटचा वास आठवतो.
आवाज कुणाचा, ते नाही.

फादर लाक्रा, माझे गाइड,
आलेखावर बोट ठेवून म्हणाले,
हा एक ठिपका फार लांब पडलाय,
काढून टाका, सरासरी सुधारेल.
चूक नव्हतं त्यांचं, शास्त्रात तशी सोय आहे.
हरवलेल्या एका मेंढराची गोष्ट
त्यांनीच सांगितली होती रविवारी.
पण तो सोमवार होता.

पवित्र गुरुवारी वेदीपुढे बारा खुर्च्या,
बारा जोडी पाय, घासून आणलेले.
टॉवेल धरायचं काम माझ्याकडे.
सगळे पायांकडे पाहत होते,
मी बोटांकडे :
कुणाच्या नखात हिरवी शाई?

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं,
सत्तेचाळीसचं काय केलंत?
ठेवला, म्हटलं.
मग शिफारशींमध्ये त्यावर काहीच कसं नाही?
म्हटलं, लिफ्ट दुरुस्त झालीय मॅडम.
अडचण तीच आहे.
एक जण हसले. एकानं लिहून घेतलं.

आता दारावर नवी पाटी आहे,
डॉ. फिलोमिना तिरपुडे. प्रफुल्लनं ती जरा तिरपी ठोकलीय.
मी जिन्यानं जाते.
दोन आणि तीनच्या मध्ये थांबते,
गुडघ्यामुळे, असं सांगते.
पायरीवर बसते थोडी.
कुणी बोललंच तर.