येतेरचा पेला

हर्नियाचं ऑपरेशन, त्याआधीचा नेहमीचा एक्स-रे.
बाकी काही नाही.
दुरसुन, वय एक्केचाळीस, कायसेरीत मांस सुकवणाऱ्यांकडे कामाला.
हातांना मेथीच्या लेपाचा वास,
जो साबणानं जात नाही
आणि त्याला स्वतःला आता येतही नाही.
लिफ्टपाशी रांग होती म्हणून तीन मजले चढून आला.
धाप नाही.

फिल्ममध्ये मात्र हृदय सापडेना.
त्याच्या कडा पुसलेल्या, खालचा पडदा पुसलेला,
दोन्हीकडे वर विरळ, खाली दाट
बारीक पांढरी कचकच,
ओल्या काचेवर कुणी रवा उधळावा तशी.
डॉक्टर शुकुफे यांनी आधी पडदा पुसला.
मग चष्मा.
मग खिडकीबाहेर पाहिलं. एर्जियेस डोंगर
बर्फासकट जागच्या जागी होता,
म्हणजे डोळे ठीक होते.

"खाणीत होतात? जीन्सवर वाळू मारायच्या कारखान्यात?"
"नाही."
"रात्री घाम? वजन?"
"वजन वाढलंय," तो म्हणाला, जरा लाजून.

सीटीच्या नळीत मशीन बोलतं, कुणा बाईच्या साठवलेल्या आवाजात:
श्वास घ्या. धरा.
त्याच्या आधीची तीन गेली, म्हणून आईनं नाव ठेवलं दुरसुन,
म्हणजे राहू दे, थांबू दे ह्याला.
ही कविता ज्या भाषेत लिहितोय
तिथं त्याला दगडू म्हटलं असतं.
असो.

मिलिमीटर-मिलिमीटरचे काप.
वायुकोशांत खडे. किती, ते कोण मोजणार.
धुळीचे नाहीत, बाहेरून आलेलेच नाहीत.
पेशीचं एक दार फॉस्फेट बाहेर सोडत नाही,
ते साचतं, कॅल्शियमशी जमतं, कण धरतं.
आईबाप चुलत भावंडं. दोघांनी एकेक
मोडकं दार दिलं, नकळत, आहेरासारखं.

आणि बरगड्या नि त्या पांढऱ्याच्या मधोमध
एक बारीक काळी रेघ.
शुकुफेबाईंनी ती बावीस वर्षांपूर्वी पुस्तकात पाहिली होती,
परीक्षेच्या आदल्या रात्री.
परीक्षेत आली नव्हती.
"सुई घालायला नको," त्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाल्या,
"चित्रच सांगतंय."
मग दुरसुनला: "भावंडं?"

"एक बहीण. येतेर. तिला टीबी होता."

येतेर म्हणजे पुरे.
पुरे झाल्या मुली, असंही नाव ठेवतात तिकडे.

गुरुवारी आली ती, पिनारबाशीच्या बसनं,
पिशवीत जुना एक्स-रे, चार घड्या घातलेला.
घड्यांवर भेगा, बाकी सगळं
तेच वादळ.
नऊ महिने गोळ्या, तांबडी लघवी,
थुंकीत कधीच काही सापडलं नाही,
तरी सासूनं पेला वेगळा केला,
मग चमचा, मग उशी,
मग धाकटा मुलगाच जावेकडे निजवायला लागली.

शुकुफेबाईंनी सगळं सांगितलं.
औषध नाही. वर्षातून एकदा तपासणी.
पुढे, फारच पुढे, कदाचित दुसऱ्या कुणाचं फुप्फुस.
दुरसुन टोपी फिरवत राहिला हातात.
येतेरनं विचारलं,
"हे लागतं का दुसऱ्याला?"
"नाही."
"तेव्हाही लागत नव्हतं?"
"तेव्हाही नाही."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. सतरापाशी थांबली.
मग म्हणाली, चित्र छापून द्या. मोठं.
सीडी नको, आमच्याकडे सीडी कोण बघतं.
आणि माझं नाव टाका. वर, ठळक.

छापेपर्यंत चहा आला, ताटलीत तीन चिमुकले काचेचे पेले.
येतेरनं एक घोट घेतला
आणि पेला भावापुढे सरकवला.
त्याचा स्वतःचा तसाच वाफाळत होता.
त्यानं तिचा उचलला, प्यायला,
म्हणाला,
साखर कमी आहे.