योतेबोरीला जाणाऱ्या कल्मेशला

लिहून घे, कल्मेश. मोबाइलात नको,
तिकडच्या थंडीत मोबाइल आधी मरतो, माणूस नंतर.

गावाचं नाव लिहितात गोथेनबर्ग
आणि म्हणतात योतेबोरी.
एका गावाला दोन नावं,
हे बेळगावच्या पोराला कुणी शिकवायचं?
पाट्याही वाचता येणार नाहीत.
तीही सवय आहेच की आपल्याला:
अक्षर नाही कळलं तर रंग बघायचा,
रंग नाही कळला तर गर्दी कुठं उतरते ते.

ट्राम निळी. आत कंडक्टर नाही.
पहिल्या दिवशी मी वाट बघत बसलो,
आत्ता येईल, सुट्टे मागेल,
नसले तर तिकिटामागं बाकी लिहून देईल,
सीबीटीला उतरताना घे म्हणेल.
कोण आलंच नाही.
शेवटच्या स्टॉपपर्यंत फुकट गेलो
आणि चोरासारखा चालत परत आलो.
तू कार्ड काढ. यंत्राला दाखव. ते टुण् म्हणतं.
टुण् म्हटल्याशिवाय बसू नकोस.
नदी ओलांडायची बोट मात्र खरंच फुकट.
म्हणजे मी होतो तेव्हा होती.

जेवण दुपारी उरकायचं, साडेअकराला.
ठरलेलं ताट असतं, ब्रेड, पाला, कॉफी सगळं त्यातच.
रात्री त्याच खुर्चीचे तिप्पट पैसे.
मासे एका चर्चमध्ये विकतात.
चर्च नव्हे, चर्चसारखी दिसणारी मासळी मंडई.
मी दारात बूट काढले होते. हसू नकोस.
मासा गोड असतो. होय, मासा, गोड.
लसणाची चटणी ने, तीन पिशव्यांत बांधून.

मी कुंदा नेला होता.
पॅटर्नशॉपचा फोरमन, योरान त्याचं नाव,
चमच्यानं टोकरून म्हणाला, हे जळालंय का?
म्हटलं, जळायच्या एक पाऊल अलीकडं थांबवलंय.
बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ओतकामासारखं.
दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत दिला.

राहायला गुन्वोरबाईंकडं जा, असतील तर.
चादर-टॉवेलचे वेगळे पैसे लावतात, आपलंच ने.
बूट दाराबाहेर. हे आपल्या अनगोळसारखं.
नोव्हेंबरात जायलास, तर साडेतीनलाच दिवेलागण.
झोप येईल. झोपू नकोस, बाहेर पड.
खिडक्यांना पडदे नाहीत, प्रत्येकीत एक दिवा,
माणसं जेवताना दिसतात.
बघू नको असं कोण म्हणत नाही.
तरी बघू नकोस.

आणि हे शेवटचं. चहा संपव आधी.
तिथल्या आठव्या दिवशी, पावसात,
माझं कार्ड टुण् म्हणेना.
मागं माणसं तुंबली. कोण ओरडत नव्हतं,
त्यानं जास्त घाम फुटला.
एका बाईनं, राखाडी कोटातल्या,
आपलं कार्ड लावलं, माझ्याकडं न बघता.
पैसे देऊ लागलो तर मान हलवली.
खिशात वडगाव-सीबीटीचं तिकीट सापडलं.
त्याच्या मागं लिहिलं: बाकी २६.
आणि तिच्या हातात दिलं.

अंक मराठीत होता.
तिला काय कळलं असेल, सांग?
तरी घडी घातली नीट,
पर्समध्ये ठेवलं, आणि उतरून गेली.

ही एक नोट आणि सहा नाणी.
बारा वर्षं झाली, नोट चालत नाही म्हणतात आता.
ट्राम चार नंबर, संध्याकाळची.
राखाडी कोट दिसला तर विचार,
तिकीट आहे का म्हणावं, पाठीमागं लिहिलेलं.

नाही भेटली
तर बोटीतून पाण्यात टाकू नकोस,
आपण मलप्रभेत टाकतो तशी.
परत आण.
हिशेब माझा आहे.